नांगीसाठी आणलेला नारळ

भागीबाईला घड्याळ लागत नाही. सकाळी साडेआठला ती माझ्या इंदिरानगरच्या घराची कडी वाजवते, आणि एकोणीस वर्षांत ती वेळ पाच मिनिटं इकडची तिकडे झालेली मला आठवत नाही. मी चाळीस वर्षं नाटकात काढली. तिसऱ्या घंटेला पडदा उघडला नाही तर जीव कासावीस होणारी आम्ही माणसं. तरी मला उशाशी गजर लावावा लागतो, तिला नाही. एकदा विचारलं, "कशावरून कळतं गं तुला?" तर परातीत नागलीचं पीठ मळता मळता म्हणाली, "पहिलं चांदण्यांवरून कळायचं. आता सवयीनं कळतं."

तिचं माहेर आणि सासर दोन्ही इगतपुरीच्या पलीकडे, धरणाच्या वरच्या अंगाला. भाताचा मुलूख. तिथे चांदण्या बघून माणसं कामाला उठायची. उत्तरेच्या, सप्तर्षींतल्या चार चांदण्या म्हणजे म्हातारीचं बाजलं, मागच्या तीन म्हणजे ते पळवून नेणारे चोर. बाजलं अमुक झाडावर कललं की उठायचं, तमुक टेकडीआड गेलं की जात्यावर बसायचं. हे सगळं ती मला पोळ्या लाटताना सांगत असते, आणि शेवटी एक वाक्य ठरलेलं.

"नाशकात आभाळ नाय ताई. नुसतं छत हाय."

नवरा गेणू. त्याच्याबद्दल ती फार बोलत नाही. पोर दोन वर्षांची असताना भाताच्या लावणीत त्याला साप चावला आणि दवाखान्यात न्यायला जीप मिळेपर्यंत तो गेला. मग भागीबाई पोरीला पाठीशी बांधून इकडे आली. आधी मळ्यांवर फुलं खुडली, मग बांधकामावर पाट्या उचलल्या, मग आमच्यासारख्यांच्या स्वयंपाकघरांत आली. ती पोर म्हणजे दीपमाला. आता अंबडच्या एका कारखान्यात मापं तपासते. पोलादाचा नग हातात घ्यायचा, माप लावायचं, केसाएवढा फरक दिसला तरी बाजूला काढायचा. माझ्या ओट्यावर बसून तिने पाढे पाठ केलेत, त्यामुळे तिच्या पगाराची पहिली मिठाई मी हक्काने खाल्ली.

या पावसाळ्यात एके दिवशी साडेआठ वाजले, कडी वाजली, भागीबाई ओट्याकडे गेली. थोड्या वेळाने करपल्याचा वास आला. एकोणीस वर्षांत पहिली भाकरी करपली होती.

"काय झालं गं?"

"पाव्हणे आलते काल. महेशचे आईबाप."

महेश दीपमालाच्याच कारखान्यात होता. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं होतं, आणि हे दोन्ही घरी ठाऊक होतं. पाहुणे येणं म्हणजे नुसता शेवटचा अंक.

"मग?"

"पोहे खाल्ले. पोरगी आवडली. चहा अर्धा प्यायले. मग म्हातारा म्हणला, पत्रिका हाय का. मी कागद दिला." तिने करपलेली भाकरी बाजूला ठेवली. "उरलेला चहा तसाच राहिला ताई."

तो कागद तिच्या पिशवीतच होता. चौघडी घालून घालून कापडासारखा मऊ झालेला. त्यावर निळ्या शाईत मुलीचं नाव, खाली एक ओळ: जन्मनक्षत्र मूळ. बस, एवढंच.

मुळावर जन्मलेली मुलगी सासऱ्याला वाईट, हे मला ठाऊक होतं. आमच्या नाटकांत अशा मुली बऱ्याच असत. शेवटच्या अंकात त्यांचं काहीतरी बरं होई, कारण लेखकाला साडेअकराला पडदा पाडायचा असे. दीपमालाचं हे तिसरं स्थळ होतं. पहिली दोन याच कागदावर अडली होती. पण त्या दोन स्थळांना तिने डोळे भरून पाहिलंही नव्हतं, आणि महेशसाठी ती कारखान्यातून रिक्षा सोडून त्याच्याबरोबर चालत येत असे.

"हे लिहिलं कोणी?"

"गेणू गेला तेव्हा सासू मला बाजारात घेऊन गेली. सरुबाई. लय कडक. तिथं एक बाबा पंचांग घेऊन बसायचा. त्यानं विचारलं, पोर जन्मली तेव्हा कोणतं नक्षत्र होतं. मी सांगितलं. इच्चवाची नांगी समोरच्या डोंगरावर उभी होती, तिच्याकडंच बघत होते, आन् पोर रडली. तो म्हणला, हे तर मूळ. बापाला गिळलंच की." तिने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. "म्हंजे मीच सांगितलं ना ताई. माझ्याच तोंडानं."

मी माझ्या स्वभावाप्रमाणे लगेच प्रवेश बदलायला निघाले. "फाड तो कागद. दुसरा करून आणू. रेवती लिहू. ऐकायलाही गोड आहे."

"तुम्ही नाटकातल्या, तुम्हाला चालतं. मी डोळ्यानं पाह्यलंय. नव्हती कशी म्हणू? उद्या म्हाताऱ्याला नुसती ठेच लागली तरी मला झोप यायची नाय."

 पदर खोचून ती पुन्हा तव्याकडे वळली, आणि पाठमोरीच म्हणाली, "एकदा तिला भेटायचं होतं. त्या नांगीला. इचारायचं होतं, माझ्या लेकरावर का बसलीस. नारळ देऊन म्हणले असते, आता उठ बाई. पण गावाकडं पाऊस. इथं छत."

तेव्हा मला शेखर आठवला.

शेखर आमच्या हौशी मंडळात दिवे सांभाळायचा. तेव्हा रंगमंचावरचं आकाश म्हणजे काळं कापड, त्याला सुईने पाडलेली भोकं आणि मागे एक दिवा. शेखर त्या कापडाला बाजूने टेबलफॅन लावायचा. कापड हललं की चांदण्या लुकलुकायच्या आणि प्रेक्षकांतून हळूच "आहा" यायचं. त्या आकाशाखाली मी किती वेळा विरहात उभी राहिले, हिशेब नाही. आता तोच शेखर शहराच्या तारांगणात खरंखुरं यंत्राचं आकाश चालवतो.

"शेखर, तुझं आभाळ मागं फिरवता येतं का रे?"

"किती मागं? शिवकाळात नेऊ?"

"पंचवीस-सव्वीस वर्षं पुरेत."

महेशला मीच फोन केला. म्हटलं, वडिलांना घेऊन ये. आणायला जड जातील असं वाटलं होतं, पण वडील, फकिरादादा, आपण होऊन आले. रेल्वेत गँगमन होते, घाटातला रूळ राखण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेलेली. काटक, उन्हाने काळवंडलेले, डोक्यावर स्वच्छ टोपी. तारांगणाच्या दाराशी मला नमस्कार करून म्हणाले, "बाई, ज्या चांदणीपायी मी मरणार, ती दिसते कशी ते बघून घ्यावं म्हणलं."

"भ्या वाटतं का?" भागीबाईने विचारलं. ती इरकली नेसून आली होती, लग्नाला निघाल्यासारखी.

"भ्या कसलं? आपल्या घरी येणारी वस्तू माणूस पाहून घेतो."

दारावरच्या पहारेकऱ्याने भागीबाईची पिशवी उघडायला लावली. आत नारळ, हळदीकुंकवाची पुडी आणि फडक्यात बांधलेले मूठभर तांदूळ.

"आत खायचं न्यायला परवानगी नाही मावशी."

"खायचं नाय. द्यायचं हाय."

"कोणाला?"

भागीबाईने बोट वर केलं. पहारेकऱ्याने वर पाहिलं. वर पंखा होता. शेखर हसत पुढे आला आणि म्हणाला, "जाऊ दे त्यांना, माझे पाहुणे आहेत."

आधीचा खेळ चालू होता, म्हणून आम्ही बाहेरच्या दालनात फिरलो. छताला टांगलेले ग्रह, काचेत ठेवलेला उल्केचा काळा दगड, सूर्याचं मोठं चित्र. एका कोपऱ्यात चंद्रावर आपलं वजन किती भरेल ते सांगणारा काटा होता. फकिरादादा चपला काढून त्यावर उभे राहिले.

"अकरा किलो!" ते ओरडले. "महेश, तुझ्या आईला सांगू नको. दुप्पट वाढायला लागंल."

"तिकडंच राहायला जा दादा," भागीबाई म्हणाली. "तिथं मूळबिळ लागायचं नाय."

महेशला हसू फुटलं, दीपमालाने त्याला कोपराने ढोसलं आणि मग स्वतःच हसली. त्या मुलीला मी महिन्याभराने हसताना पाहत होते.

खेळ सुटला, शाळेची मुलं किलबिलत बाहेर पडली. पुढच्या खेळाला अर्धा तास होता. शेखरने आम्हाला आत नेलं. मोठा पांढरा घुमट, गोल मांडलेल्या मागे झुकणाऱ्या खुर्च्या. मी पाऊल टाकलं आणि ओळखीचा वास आला. बंद नाट्यगृहाचा वास सगळीकडे एकच असतो. गालिचा, धूळ, आणि नुकत्याच उठून गेलेल्या माणसांची ऊब.

"तारीख सांगा मावशी," शेखर यंत्रापाशी बसून म्हणाला.

"शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे," दीपमाला म्हणाली.

"ती तर गुरुजींनी सगळ्यांनाच दिली. अख्खा वर्ग एक जूनला जन्मलेला," भागीबाई म्हणाली. "तुम्ही शिमगा घ्या. होळी पेटवून सगळे झोपले, मला कळा लागल्या. पोर झाली तेव्हा होळीत निखारे होते, आन् कोंबडा आरवला नव्हता."

"वर्ष?"

"दाखल्यावरचंच असेल. एखादं इकडंतिकडं."

शेखरचे हात थबकले. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तसंच मिटलं. "बरं," एवढंच म्हणाला.

दिवे उतरू लागले. दिवा विझवणं आणि दिवा उतरवणं यांत फरक आहे, आणि तो शेखरला माझ्याइतकाच कळतो. घुमट आधी दुधाळ झाला, मग राखाडी, मग निळा. कडेने शहराची रेघ उमटली, इमारती, दिव्यांची पिवळी झाक, वर चारदोन चांदण्या.

"हे आजचं नाशिक, ढग बाजूला केले तर," शेखरचा आवाज आला. "आता शहर काढून घेतो."

आणि त्याने शहर काढून घेतलं.

मी खोटं आकाश आयुष्यभर पाहिलं, पण असं नाही. एकही चांदणी सुटी राहिली नाही. वरचा काळोख जणू उकळून सांडत होता. खुर्ची खाली गेली की मी वर गेले, कळेना. शेजारून भागीबाईचा हात माझ्या मनगटावर आला. खरखरीत, गरम.

"बाजलं," ती म्हणाली. "ताई, ते बघा बाजलं. वायव्येला कललंय. चोर वर. बरोबर. बरोबर हाय."

"दक्षिणेला बघा," शेखर म्हणाला.

तिथे तो विंचू होता. लालसर काळीज, मागे वळत गेलेली माळ, आणि टोकाला वर उचललेली नांगी, दोन ठिणग्या जवळ जवळ. शेखरने क्षितिजावर एक काळा डोंगरही उभा केला होता. फकिरादादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हीच का ती?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"हीच," भागीबाई म्हणाली. आणि मग ती जे बोलत गेली, ते तिने मला एकोणीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. "घरात उकडत होतं म्हणून सासूनं अंगणात बाज टाकली. उशाला माझी जाऊ. भातासाठी राब भाजल्याचा वास येत होता शिवारातून. मी ओरडले की सासू म्हणायची, ओरडू नको, पुरुष उठतील. मग मी त्या नांगीकडं बघत राह्यले. म्हणलं, हिच्यावर डोळा ठेवते, म्हंजे तोंड उघडायचं नाय. नाळ कापणं, दोरा बांधणं, सगळं सासूनं अंगणातच केलं. जाऊ म्हणली, दिवा आणू का. सासू म्हणली, दिवा कशाला, चांदणं पडलंय टिपूर..."

ती खुर्चीत उठून बसली.

"शेखरदादा, तुमचं आभाळ चुकलं."

"काय चुकलं मावशी?"

"चांदणं कुठाय? अंगणात सुई सापडावी एवढं चांदणं होतं. चांद आमच्या घराच्या मागं होता, मला दिसत नव्हता, पण अंगण पांढरं झालेलं. तुमच्यात चांदच नाय."

काळोखात शेखर हसल्यासारखं वाटलं. "मी मुद्दाम बंद ठेवला होता. चंद्र आला की चांदण्या फिक्या पडतात. आता लावतो. पण मान वळवावी लागेल. उजवीकडे, पश्चिमेला."

आम्ही सगळ्यांनी माना वळवल्या. पश्चिमेला, पार दुसऱ्या टोकाला, पुनवेचा गोल चंद्र उजळत उजळत आला. त्याचा उजेड आमच्या तोंडांवर पडला. नांगी मंद झाली, तरी डोंगरावर होती, आणि चंद्र तिच्यापासून अर्धं आभाळ दूर.

"मी पत्रिका मानत नाही," शेखर म्हणाला. "पण हिशेब चुकला असेल तर सांगायला हवं. जन्मनक्षत्र म्हणजे जन्माच्या वेळी समोर जे दिसतं ते नव्हे. त्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात मुक्कामाला असतो ते. शिमग्याची पुनव म्हणजे चंद्र फाल्गुनीच्या आसपास. म्हणून तर महिन्याला फाल्गुन म्हणतात. वर्ष कोणतंही घ्या, त्या पहाटे चंद्र मुळात नसतो. तिथं पोचायला त्याला अजून सहासात दिवस लागतात."

 मग दीपमालाचा आवाज आला, कारखान्यातल्या मुलीचा. "म्हणजे माप बरोबर होतं आई. लावलं चुकीच्या ठिकाणी."

"म्हंजे ही मूळ नाय?" फकिरादादांनी विचारलं.

"नाही."

मला वाटलं आता भागीबाई आनंदाने रडेल. माझ्यातली नटी त्या क्षणाची वाटच बघत होती. पण ती चंद्राकडे बघत राहिली, आणि अगदी सरळ आवाजात म्हणाली, "मग गेणू कशानं गेला?"

  मी हजार संवाद पाठ केलेत, त्यांतला एकही तिथे उभा राहीना. उत्तर दिलं ते फकिरादादांनी.

"सापानं," ते म्हणाले. "भागीबाई, मी घाटात होतो. पावसाळ्यात दरड यायची. आमच्या गँगमधली चार माणसं माझ्यासमोर गेली. चौघांच्याही घरी मी निरोप घेऊन गेलो. कोणाच्या पाळण्यात मुळावरचं पोर नव्हतं. माणूस कामावर जातो, कामावरनं कधी येत नाय. पोरीनं काय केलं त्याला?" मांडीवरची टोपी हातात घेत ते म्हणाले, "हे मला ठाऊक होतं. तरी चहा तसाच ठेवला. चूक झाली."

भागीबाईने पदराचा बोळा तोंडाशी धरला. आवाज आला नाही. त्या अंगणातही आला नसेल.

"शेखरदादा," पदर सोडून ती म्हणाली, "थोडं पुढं न्या. कोंबडा आरवायच्या आधीपर्यंत."

आकाश सरकू लागलं, जेमतेम जाणवेल इतकं. चंद्र खाली उतरला. नांगी उजवीकडे सरकत डोंगराच्या माथ्यावर, अगदी मधोमध आली. भागीबाईने हात उचलला.

"इथं. आता. आता रडली ती."

दीपमाला उठून आईच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून वर बघत राहिली. पंचवीस वर्षांची मुलगी स्वतःच्या जन्माचं आभाळ बघत होती. मी डोळे पुसले, अभिनय न करता. मग शेखरने पहाट केली. पूर्वेला आधी राखाडी, मग केशरी, आणि एकेक करून चांदण्या घरी गेल्या.

दिवे लागल्यावर सगळे जरा लाजल्यासारखे उभे राहिलो. भागीबाईच्या हातात ती पिशवी तशीच होती.

"हा नारळ आता कोणाचा?" फकिरादादांनी विचारलं.

"तिच्यासाठी आणला होता. उठ म्हणायला."

"ती बसलीच नव्हती तर उठंल काय? द्या इकडं."

"तुम्हाला कशाला?"

"आता हेही मीच सांगू?" त्यांनी टोपी डोक्यावर चढवली, दोन्ही हात पुढे केले. "पोरीकडचा नारळ घेतल्याशिवाय घरी गेलो, तर महेशची आई मला दारात उभं करंल. सुपारी पुढच्या रविवारी फोडू. आन् चहा परत टाका, त्या दिवशीचा अर्धा राह्यलाय."

"इथं फोडू नका फक्त," पहारेकरी दारातून म्हणाला. तो केव्हापासून उभा होता कोण जाणे.

भागीबाईने नारळाला हळदकुंकू लावलं आणि तो त्यांच्या हातात दिला. दीपमाला वाकली. महेश कुठे बघावं ते न कळून घुमटाकडे बघत होता.

आम्ही बाहेर निघालो. दाराशी पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की भागीबाई मागे राहिली आहे. वळून पाहिलं. रिकाम्या सभागृहात ती दक्षिणेच्या बाजूला, भिंतीपाशी उभी होती. फडक्याची गाठ सोडून तिने तांदूळ ओंजळीत घेतले आणि घुमटाच्या कडेखाली, जिथे मघाशी डोंगर होता तिथे, हलकेच ठेवले.

"अगं, आता कशाला?" मी विचारलं.

"असू द्या ताई," ती म्हणाली. "त्या रात्री तीच होती माझ्यासंगं. आन् इतकी वर्षं मी तिलाच नावं ठेवली."

मग तिने फडकं झटकून घडी केलं, कमरेला खोचलं, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघता म्हणाली, "चला, दोन वाजले. तुमचं जेवण राह्यलंय."